घाईला दोन खिसे, दोन्ही फाटके

नोकरी लागली, सांगलीत विश्रामबागला खोली मिळाली आणि आता महिनाअखेरीला फोन, "आत्या, पैसे जातात तरी कुठं गं?" जातात कुठं म्हणजे? तूच दार उघडून देतेस. तुझा पगार कमी नाही आणि तू उधळीही नाहीस. उधळी असतीस तर मी एवढं लिहायला बसलेच नसते. आपल्यासारख्यांचा पैसा दोनच वाटांनी जातो. घाईत माणूस मिळेल त्या भावाला घेतो आणि लाजेपायी भाव विचारतच नाही. घाईला दोन खिसे, दोन्ही फाटके, असं मी म्हणते ते उगाच नाही. खालचं सावकाश वाच, पटेल तेवढं कर. आईला मात्र दाखवू नकोस. ती म्हणेल, वन्संनी पोरीला कंजूष करून टाकलं.

१. रात्री झोपायच्या आधी दिवसाचा खर्च वहीत लिही, मोबाइलमध्ये नको — वहीत लिहिताना हात दुखतो, आणि हात दुखला की तिसरा चहा डोळ्यांवर येतो.

२. हिशेब जुळला नाही तर जीव काढू नकोस, 'इतर' लिही आणि झोप — मात्र 'इतर' किराण्यापेक्षा मोठं झालं, तर घरात चोर आहे आणि त्याच्याकडं तुझीच किल्ली आहे.

३. शिल्लक पगाराच्या दिवशी बाजूला काढ — उरेल ते टाकू म्हणणाऱ्याचं आजवर काही उरलेलं नाही. पोस्टाचं आरडी खातं महिन्याला १०० रुपयांपासून निघतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

४. रक्कम लहान म्हणून थांबू नकोस. आपल्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक निघाली, ती कशापायी, ठाऊक आहे? रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला रोजचे चार पैसे साठवायचे होते, पावसाळ्याआधी डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घालायला. एवढ्याशा पैशांचं खातं उघडायला कुठली बँक तयार नव्हती. मग तिथल्या कार्यकर्त्या चेतना सिन्हांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं, तर रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. सभासद बायका निरक्षर, अंगठा लावणाऱ्या. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. परवाना मिळाला. पुढं बँकेची माणसं बाजारात, दारात जाऊन पैसे घ्यायला लागली — बँकेत यायचं म्हणजे त्या बाईचा दिवसाचा रोजगार बुडत होता. पैसे वाचवायला जो वेळ जातो त्यालाही मोल आहे, हे त्या बायकांना न शिकता कळलं होतं. तुला पदवी घेऊन कळायला हरकत नाही.

५. पतसंस्थेत टक्का-अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी पुंजी तिथं नेऊ नकोस. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, फेब्रुवारी २०२०पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही — आणि स्वतःच्याच पैशांसाठी हेलपाटे घालणारी म्हातारी माणसं मी सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत पाहिली आहेत.

६. भिशी ओळखीच्या बायकांची, लहानशी आणि चिठ्ठी काढायची असेल तर घाल. लिलावाची असेल तर चहा पिऊन उठून ये — लिलावात ज्याला घाई तो कमी घेतो, आणि घाई नेहमी अडलेल्यालाच असते.

७. क्रेडिट कार्डाच्या बिलावर 'किमान रक्कम' म्हणून जे छापतात ते वाचूच नकोस, पूर्ण रक्कम भर — महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. एवढं व्याज गावातला सावकारही चारचौघांत बोलून दाखवत नाही.

८. बिनव्याजी हप्त्यावर काही घ्यायच्या आधी दुकानदाराला विचार, "रोख दिले तर किती?" — दोन आकडे निघाले की व्याज कुठं दडलंय ते दिसतं.

९. मोबाइलचा २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून १३ वेळा मारावा लागतो. वर्षाचा पॅक एकदम घ्यायला पैसे जमव — कंपनीचा महिना कायम फेब्रुवारीचा, आणि तुझा पगार मात्र ३१ दिवस पुरवायचा असतो.

पैशाचं पैशापाशी राहू दे. आता स्वयंपाकघर. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुझ्या खोलीवर आले तेव्हा पाकिटातली चटणी, पाकिटातली हळद आणि पाकिटातलं आलं-लसूण पाहून माझी भूकच गेली. आल्या-लसणाचंसुद्धा पाकीट, तेही सातारची पोर असून!

१०. बेगमी मार्च ते मे या दिवसांत कर. शाळू निघालेला असतो, गहू येतो, हळदीचे सौदे जोरात असतात, मिरची बाजारात असते — तेच जिन्नस श्रावणात किलो-किलोनं आणलेस तर व्यापाऱ्याच्या गोदामाचं भाडं तू भरतेस. एकटीला पोतं कशाला लागतंय? शेजारच्या दोघी-तिघींना धर आणि वाटून घ्या.

११. धान्य उन्हात वाळवलंस की सावलीत पार गार होऊ दे, मगच डब्यात भर — गरम भरलेल्या धान्याला आतून घाम सुटतो, मग बुरशी आणि किडे. तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात लाव, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाल.

१२. चटणी. हिला एक ओळ पुरायची नाही. कांदा-लसणाची चटणी वर्षाची एकदाच, एप्रिलात, ऊन कडक असताना करायची. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी; नुसती ब्याडगी घेतलीस तर कालवण लालभडक दिसेल आणि जिभेला काही कळणार नाही. मिरची देठासकट आण आणि देठं घरी बसून काढ — देठं काढलेल्या मिरचीत कुणाच्या तरी बोटांची मजुरी धरलेली असते, ती टीव्हीपुढं बसल्या बसल्या तुझी तूच कमव. कांदा उभा पातळ चिरून दोन-तीन उन्हं दे आणि मग तळ. तो कुरकुरीत झाला नाही तर पुढची सगळी मेहनत वाया, ओल्या कांद्यानं चटणीला बुरशी धरते. खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला वेगवेगळा भाज. एकत्र भाजलास तर तीळ जळतात आणि धणे कच्चे राहतात. डंकावर सकाळी लवकर जा, आणि कुटून होईपर्यंत तिथून हलू नकोस. घरी आल्यावर चटणी परातीत पसरून गार कर, बरणीत दाबून भर, तळाला आणि वर हिंगाचे खडे ठेव. रोजच्यासाठी लहान डबी वेगळी — ओला चमचा हा वर्षाच्या चटणीचा वैरी, आणि आपल्या घरात तो नेहमी तुझ्या हातात असतो.

१३. हळदीच्या बाजारात राहून हळदीचं पाकीट घेऊ नकोस, हळकुंडं घे आणि दळून आण — दळलेल्या पुडीत काय काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हळकुंड मोडलं की आतला रंग लगेच खरं बोलतो. सांगलीकरांनी हळद राखायला काय केलं ते हरिपूरला जाऊन विचार. तिथं जमिनीत पेवं खणून त्यात वर्षानुवर्षं हळद ठेवायचे आणि भाव आला की काढायचे. २००५च्या महापुरानं त्यातली बरीच निकामी केली.

१४. शिऱ्यात, लाडवात घालायला हिरवागार लांबट बेदाणा नको, काळपट घे — तासगावच्या बाजारात भाव रंगावर आणि मण्यावर ठरतो, आणि तुपात दोन्ही सारखेच फुगतात.

१५. द्राक्षाच्या दिवसांत घडातून गळालेले सुटे मणी मागून घे — गोडी तीच असते, फक्त ताटात ठेवून फोटो काढता येत नाही.

१६. आठवडी बाजारात माळवं उतरत्या उन्हाला घे, पालेभाजी मात्र सकाळचीच — वांगी-बटाटे संध्याकाळी उतरतात ते भावात, मेथी उतरते ती अंगात.

१७. गॅसची टाकी दारात आली की वजन करून दाखवायला सांग. टाकीवर रिकामीचं वजन कोरलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळव. तेवढं भरलं पाहिजे. वजन करून मागणं हा तुझा हक्क आहे — विचारायला लाजलीस, की महिन्याच्या शेवटी कोरड्यास अर्धं शिजलेलं असताना शेगडी विझते.

१८. टाकी लावलीस ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिही, आणि डाळ-तांदूळ कुकर लावायच्या अर्धा तास आधी भिजव — भिजलेल्या डाळीला शिट्ट्या कमी लागतात, आणि टाकी किती दिवस गेली ते पाहिल्याशिवाय या बोलण्यावर तुझा विश्वास बसणार नाही.

१९. विजेच्या बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढं ३००पर्यंत बराच चढा दर असतो. जुना पंखा ७०-८० वॅट खातो, नवा बीएलडीसी सुमारे ३० — घरमालक पंखा बदलून देणार नाही, तर स्वतःचा लाव आणि खोली सोडताना काढून ने.

२०. घरमालकानं वेगळा सबमीटर लावला असेल तर युनिटला काय दर लावतो ते राहायला जायच्या आधी विचार — नंतर विचारलं की ते भांडण होतं, आधी विचारलं की चौकशी.

२१. डबा रोज ने. भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढ्याला सकाळी फार वेळ लागत नाही — बाहेरचं जेवण महाग पडतं ते पहिल्या थाळीमुळं नाही, त्यावर मागवलेल्या ताकामुळं आणि "चल, आज मी देते" म्हणण्यामुळं.

२२. उरलेल्या भाकरीला फोडणी दे, आंबट ताकाची कढी कर, दुधाला विरजण लाव. पण वास आलेलं काही पोटात ढकलू नकोस — शिळं वाचवून डॉक्टरला देणं याला आमच्याकडं काटकसर म्हणत नाहीत.

आता प्रवास. सातारा ते सांगली तुझी येरझार बारमाही, आणि खरी गळती तिथंच आहे.

२३. १७ मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. तरी शुक्रवारी संध्याकाळी तू धावतपळत निघतेस आणि एसटी गेली म्हणून मिळेल त्या खासगी गाडीत बसतेस — अर्धं तिकीट सरकारनं दिलं, पण वेळेवर स्टँडवर पोचणं तुझ्याकडंच ठेवलं.

२४. सणासुदीला एसटीचं आरक्षण आधी करून ठेव, आणि खासगी बसवाल्यानं अव्वाच्या सव्वा मागितले तर तिकिटाचा फोटो काढून आरटीओकडं तक्रार कर — एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा २०१८पासूनचा राज्याचा नियम आहे, आणि तो ठाऊक असलेला प्रवासी बसवाल्यांना फारसा भेटत नाही.

२५. आजोबांना आधार कार्ड घेऊन एसटीनं पाठव. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून तिकीटच नाही, ६५ ते ७५ला अर्धं — "फुकट कशाला, मी काय गरीब आहे?" असं ते म्हणतील. म्हणावं, आयुष्यभर कर भरलात त्यातलं थोडं परत घ्या.

२६. निपाणी-बेळगावकडं निघालीस तर ध्यानात ठेव, सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच — पुढचं भाडं पूर्ण पडतं. तेवढे सुटे हातात ठेव म्हणजे कंडक्टरशी वाद नको.

२७. आष्ट्याहून रोज येणारा तुझा तो सहकारी दररोज तिकीट काढतो म्हणालीस. त्याला सांग, एसटीच्या मासिक पासाला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास होतो, त्रैमासिकाला ५० दिवसांचं भरून ९० दिवस — तो नक्की म्हणेल, "रांगेत कोण उभं राहणार?" रांगेत उभं राहून दहा दिवसांचं भाडं सुटत असेल, तर मी दिवसभर उभी राहीन.

२८. रेल्वे स्वस्त आहे, पण कुठपर्यंत स्वस्त ते बघ. सांगली स्टेशन गावात आहे, सातारचं स्टेशन माहुलीला, गावापासून लांब. कराडचं तर ओगलेवाडीला. पाच जणांनी मिळून रिक्षा केली तर कोयना एक्स्प्रेस परवडते. रात्री एकटी उतरलीस तर तिकिटाएवढे पैसे रिक्षात घालशील — म्हणून तिकिटात दाराची रिक्षा मिळव आणि मग एसटीशी तुलना कर. ओगलेवाडी म्हणजे ज्यांच्या प्रभाकर कंदिलानं खेड्यापाड्यांत उजेड केला त्या ओगल्यांची. गाडीला उशीर असेल तर सोबतच्या मुलांना हे सांगायला बरं.

२९. तत्काळ तिकीट नाइलाजालाच काढ — जास्त पैसे मोजून काढलेलं निश्चित तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा मिळत नाही. रेल्वेनंसुद्धा घाईचा दर वेगळा ठेवला आहे, बघ.

३०. "आत्ता निघतोय, बसा ताई" म्हणणाऱ्या वडापवाल्या जीपवर विसंबू नकोस — ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की हलायला जागा ठेवत नाही.

३१. हायवेवर गाडी थांबते तिथं फक्त पाय मोकळे कर. पाणी आणि दशम्या पिशवीत असू दे — एका बाटलीचं काही वाटत नाही, पण भूक लागलेल्या माणसाला वडासुद्धा दोन लागतात.

३२. कंदी पेढे घ्यायचे तर सातारा गावात, आजचे आहेत का विचारून, पावशेर. सांगलीत दाखवायला दोन किलो नेलेस तर चौथ्या दिवशी तूच खात बसशील.

३३. पसरणीचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकणाऱ्याच्या मागं बसू नकोस, तो सख्खा भाऊ असला तरी. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात, आणि इंजिन गाडी धरून ठेवतं — न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो आणि वळणावर ब्रेक तापलेले असतात.

३४. टायरची हवा आठवड्याला बघ, थंड टायरवर — हवा कमी असली की गाडी ओढत नाही, पेट्रोल ओढते.

३५. सीमेपलीकडं पेट्रोल स्वस्त असतं म्हणून मिरजेहून मुद्दाम तिकडं जाऊ नकोस — जायचंच असेल तेव्हा टाकी भर. एरवी वाचलेलं येताना जळतं.

३६. दादाला फास्टॅगचा वार्षिक पास घ्यायची हौस आली आहे. २०२५ला निघाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता; २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. सातारा–पुणे जाऊन-येऊन आनेवाडी आणि खेड-शिवापूर धरून चार फेऱ्या मोजल्या जातात — पुण्याला महिन्यातून दोनदा जाणाऱ्यानं आकडेमोड करावी, दिवाळीपुरतं जाणाऱ्यानं गप्प बसावं.

३७. कासला शनिवार-रविवारी जाऊ नकोस. सप्टेंबरात आडवारी रजा टाक, सकाळी लवकर पोच — फुलं तीच असतात. रविवारी मात्र गाड्यांच्या रांगेतच निम्मा दिवस जातो.

३८. करमणूक फुकटात नाहीतर थोडक्या पैशांत मिळते, कुठं ते कळलं पाहिजे. मिरजेला ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. नामवंत कलावंत हजेरी लावतात आणि ऐकायला कुणी तिकीट मागत नाही. औंधला राजे भवानरावांनी १९३८मध्ये उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. सज्जनगडावर दुपारी प्रसादाचं जेवण मिळतं. देणगीच्या पेटीत मात्र हात आखडू नकोस — फुकटाचं खाऊन तोंड पुसणं हा बचतीचा प्रकार नाही. आणि नगरवाचनालयाची सभासद हो.

मोठा खड्डा लहान चुकीनं पडतो, म्हणून आता त्या दोन-चार गोष्टी.

३९. सांगलीत खोली बदलायची झाली तर भाडं विचारायच्या आधी शेजाऱ्यांना विचार, "२०१९ला पाणी कुठवर होतं?" आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं — नदीकाठच्या तळमजल्याचं स्वस्त भाडं कृष्णामाई एका रात्रीत वसूल करते.

४०. जुलै लागला की सर्टिफिकेटं, पासबुकं, विम्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाक. स्कूटर पाण्यात बुडाली तर चालू करून बघू नकोस, ढकलत गॅरेजला ने — पाणी ओढलेलं इंजिन चालू केलं की धुण्याचं काम खोलून बांधण्यावर जातं.

४१. मिरजेला दवाखान्यात कुणाला न्यायचं झालं तर जुनी फाइल, एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट घेऊनच नीघ — कागद नसला की तीच तपासणी पुन्हा होते. भरती करण्याआधी 'महात्मा फुले जनआरोग्य योजना' इथं चालते का विचार आणि आरोग्यमित्राचं टेबल शोध. रेशन कार्ड सोबत असू दे.

४२. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीतलं औषध कुठलं ते त्यांनाच विचार, आणि जनऔषधी दुकानात मिळतं का बघ. स्वतःच्या मनानं गोळी बदलू नकोस आणि डोस अर्ध्यात सोडू नकोस — अर्धं औषध पूर्ण पैशाचं असतं.

४३. सोनं घेताना हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपास, आणि वजन, घडणावळ, जीएसटी वेगवेगळं लिहून माग. मोडीला नेलंस तर घट किती धरली तेही विचार. आपल्या विटा-खानापूरकडची गलाई बांधवांची घरं देशभर सोनं-चांदी गाळायला गेली. सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून कण काढणारे हे लोक — ज्या धंद्यात केरालाही भाव आहे, तिथं घट किती धरली हे विचारताना कसली आलीय लाज?

४४. हेल्मेट, ब्रेक, चष्मा, दाताचा डॉक्टर आणि मच्छरदाणी यांत पैसे वाचवू नकोस. कारण विचारू नकोस.

४५. भांड्याच्या मावशींच्या पगारात आणि मेथीच्या पेंडीत घासाघीस नको. मेथीवाली बाई पहाटेची बुट्टी घेऊन एसटीनं आलेली असते — तू दोन रुपयांसाठी तिच्याशी वाद घालतेस आणि मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावतेस, हे बघून मला हसू येतं.

४६. महिन्याच्या वहीत एक ओळ दुसऱ्याच्या नावानं ठेव. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली; पुढं बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. कर्मवीरांच्या शाळांत शिकलेली माणसं आपल्या घराण्यातच मोजायला बसलीस तर बोटं पुरायची नाहीत — तेव्हा ती ओळ दहा रुपयांची असली तरी कोरी सोडू नकोस.

४७. लग्नाच्या आहेराची वही ठेव आणि ऐपतीएवढाच आहेर कर. कर्ज काढून केलेल्या आहेराचं कौतुक मांडवापुरतं, हप्ता बारसं होईपर्यंत.

४८. मैत्रिणींनी कुठं बोलावलं आणि पैसे नसले तर "या महिन्यात जमायचं नाही" एवढं सरळ सांग, डोकं दुखतंय म्हणू नकोस — तुझ्या डोकेदुखीला त्या बाम आणतील, आणि सांगून टाकलंस तर निम्म्या जणी म्हणतील, "बरं झालं बाई, माझेही संपलेत."

४९. येत्या महिन्यात चटणी कुटणार आहे, तुझ्यासाठी दोन किलो धरली आहे. मिरचीची देठं काढायला शनिवारी लवकर ये, अर्ध्या तिकिटात ये, आणि गेल्या साली नेलेल्या माझ्या दोन्ही बरण्या धुऊन, वाळवून, झाकणासकट आण.